रंग पांढरा, शिंगे नाहीत

सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती गाय नव्हती.

आमच्या गावात अजून चारदोन म्हातारे आहेत आणि त्यांच्याकडून ऐकलेली पुष्कळ तरुण मंडळी आहेत. ही सगळी सांगतात की एके काळी कोंडवाड्यातून एक पांढरी भाकड गाय नाहीशी झाली आणि ती कोंडवाड्याच्या राखणदारानंच लंपास केली. काही जण याहून वाईट सांगतात. पण ती गाय नव्हती, म्हैस नव्हती, कुठलंच जनावर नव्हतं. ती हॉलंडहून रस्त्यारस्त्यानं आलेली मोटार होती. तिच्यात चूल होती, दोन पलंग होते, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. तिची गाय मी केली. माझ्या हातानं, शाईनं, रजिस्टरात.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. आमचं गाव उंब्रज आणि कराडच्या दरम्यान, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मी ग्रामपंचायतीत कारकून होतो. ग्रामसेवकाकडे तीन गावं असल्यामुळे तो आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे दिवस कचेरी माझीच. घरी ऊस होता, पोटाची चिंता नव्हती. चिंता होती ती सहीखाली हुद्दा नसल्याची. ग्रामसेवकांच्या यादीत माझं नाव लागायचं होतं आणि मी त्याची वाट बघत होतो.

कचेरीच्या मागेच कोंडवाडा होता. कुणाचं मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की ते धरून तिथं कोंडायचं आणि मालकानं येऊन ओळख पटवली की सोडायचं. काळ्या दगडाच्या छातीएवढ्या भिंती, एक लाकडी फाटक, पाण्याची दगडी डोण. राखणदार होते मेजर. फौजेत ते साधे शिपाई होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. महायुद्धात ते इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. राहायला बौद्धवाड्यात. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. आता लिहिताना अहो-जाहो करतो आहे. याला उशीर झाला हे मला कळतं.

एका दुपारी कचेरीपुढं ती गाडी येऊन थांबली. पावाच्या गाडीला खिडक्या पाडाव्यात तशी दिसत होती. आतून अर्ध्या चड्डीतला एक उंच, वाळका गोरा गृहस्थ उतरला, पाठोपाठ त्याची हसरी, जाडसर बायको. दोघं साठीच्या घरात. तो तिकडं कालव्यांवरच्या पुलांचा तपासणीस होता, निवृत्त होऊन बायकोला जग दाखवायला निघाला होता. त्यानं मला नमस्कार केला आणि इंग्रजीत विचारलं, "आज रात्री आम्ही कायदेशीररीत्या कुठे झोपू शकतो?"

माझं इंग्रजी परीक्षेपुरतं होतं, पण प्रश्न कळला. कळला म्हणूनच पुढचं सगळं झालं. कळला नसता तर मी हातानं शाळेचं मैदान दाखवलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती.

तोवर माणसं जमली होती. मी प्रश्न मराठीत सांगितला.

"झोपायला कायदा लागतो व्हय?" फाट्यावरचा चहाचा हॉटेलवाला म्हणाला. "त्यास्नी म्हनावं, कुटंबी झोपा. पारावर झोपा, देवळात झोपा, माज्या बाकड्यावर झोपा."

मी सांगितलं, कुठेही झोपा. गृहस्थाला ते पटेना. कुठेही म्हणजे नेमकं कुणाच्या मालकीच्या जागेत? त्याचा अधिकारी कोण? त्यांच्याकडं म्हणे गाडीत झोपायलासुद्धा ठरलेल्या जागा असतात. निघाल्या निघाल्या एका देशात रानात गाडी लावून झोपले म्हणून त्यांना पोलिसांनी दंड केला होता. आयुष्यात कधी दंड न भरलेला माणूस. त्या दिवसापासून लेखी परवानगीशिवाय तो कुठेच मुक्काम करत नव्हता.

त्यानं फाइल काढून दाखवली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान. प्रत्येक मुक्कामाचा कागद, प्रत्येकावर शिक्का. एका कागदावर नुसताच अंगठा होता आणि खाली त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'मेंढपाळ. अधिकार असल्याचे तोंडी सांगितले.'

ती फाइल बघून माझं डोकं फिरलं. एवढ्या देशांच्या रांगेत आमच्या पंचायतीचा शिक्का बसला पाहिजे, असं मला वाटलं. पण पंचायतीचा गोल शिक्का सरपंच आपल्या ट्रंकेत ठेवायचे आणि त्या दिवशी ते कामाला साताऱ्याला गेले होते. शिक्का घरी, किल्ली कमरेला आणि कंबर साताऱ्याला. माझ्या खणात एकच शिक्का होता, कोंडवाड्याचा.

मग मला सुचलं. सबंध गावात बाहेरून आलेल्याला नोंद करून, पावती देऊन, रात्रभर कायद्यानं ठेवून घेता येईल अशी जागा एकच होती. मी खुर्चीवरून उठलो. आपल्याला कायदा कळतो, या विचारानं अंगावर काटा आला होता.

इकडे मेजर त्या बाईंशी बोलत उभे होते. "बसरा व्हेरी हॉट, मेमसाब. टी व्हेरी गुड." ती दोघं त्याच बाजूनं आलेली, त्यामुळे बाईंना कोण आनंद झाला होता! मला तो झाला नाही. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, असं मी धरून चाललो होतो.

मेजरना मी फाटक उघडायला सांगितलं. ते मला बाजूला घेऊन गेले.

"भाऊसाहेब, माजं ऐकताव? शाळंम्होरं लावू द्या गाडी. मी बसतो की राखनीला."

"त्यांना कायदेशीर जागा पाहिजे."

"आवं, मानसं हायती ती. मानसं कोंडवाड्यात लिवू नगा. लिवल्यालं मागं लागतंय."

"तुला जास्त कळतं का मला?"

"तुमालाच कळतंय की," ते म्हणाले आणि आतलं शेण लोटायला गेले.

मी रजिस्टर उघडलं. मागच्या तपासणीत रकाने मोकळे ठेवल्याबद्दल मला शेरा मिळाला होता, त्यामुळे एकही रकाना सोडायचा नाही, हे पक्कं. गृहस्थ समोर बसून प्रत्येक प्रश्नाचं मनापासून उत्तर देत होता. रंग: पांढरा. शिंगे: नाहीत. वय: चार वर्षे. अंगावरची खूण: पाठीला एक चाक बांधलेले. दुभते की भाकड, इथं मी जरा अडलो, कारण त्या बाईंनी आत्ताच आम्हाला दुधाचा चहा पाजला होता. पण दूध डब्यातल्या पावडरचं होतं. मी 'भाकड' लिहिलं. काय नुकसान केले, या रकान्यासाठी त्यानं स्वतःहून कबुली दिली की हायवेवरून वळताना मागचं चाक उसात गेलं होतं. किती ऊस? त्यानं सहा बोटं दाखवली. उतरून मोजले होते.

प्रकाराचा रकाना छापील होता: गाय, बैल, म्हैस, रेडा, गाढव, शेळी. लागू नसेल ते खोडायचं. मी गाय सोडून सगळं खोडलं. का, तर पांढरी म्हणून.

पकडून आणणाऱ्याच्या जागी मेजरचं नाव घातलं. त्यांनी सही केली. फौजेत शिकलेली, मोठ्या मोठ्या अक्षरांतली सही.

कोंडवाड्यात आधीपासून एक रेडकू आणि एक गाढव होतं. त्यांच्या शेजारी गाडी लागली. गृहस्थानं भिंती बघितल्या, फाटक बघितलं, डोणीतल्या पाण्यात बोट घातलं आणि इतकी व्यवस्थित जागा इराण सोडल्यापासून मिळाली नव्हती, असं म्हणाला. बाईंनी फाटकापासून गाडीपर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घातले आणि बटाट्याची सालं गाढवाला दिली. संध्याकाळी सगळं गाव भिंतीवरून वाकून बघत होतं.

"बया, चूल हितंच, हातरुन हितंच," एक बाई म्हणाली. "भांडान झालं की जायाचं कुटं गं?"

"म्हनून तर गाडीला चाकं लावल्यात," दुसरी म्हणाली.

ज्याचा ऊस मोडला होता तो शेतकरी आला. मला वाटलं भांडणार. त्यानं उसाची मोळी बाईंच्या पायापाशी टाकली. "मोडलाच हाय तर खावा म्हनावं. सा कांड्यांनी काय हुतंय."

मेजर फौजेतली जर्सी घालून फाटकाशी स्टुलावर बसले. सकाळी मी आलो तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

सकाळी सुटका. नियमाप्रमाणे सुटकेच्या चिठ्ठीवर दोन पंचांनी 'हे जनावर याच मालकाचे असल्याचे आम्ही ओळखतो' म्हणून सही करायची होती. मी हॉटेलवाल्याला आणि त्या शेतकऱ्याला बोलावलं. हॉटेलवाल्यानं सही केली. शेतकरी काही करेना.

"मी कशी वळखू? काल दुपारी बगितली म्या. उंद्या दुसराच यिऊन म्हनला, माजी हाय, तर?"

"अरे, त्यांच्यासारखा दुसरा आहे का तालुक्यात?"

"त्ये काय बी असू द्या. हाक मारू द्या त्यास्नी. जनावर मालकाच्या हाकंला वळखतंय."

आमच्याकडची ही जुनी रीत. दोन माणसं एका जनावरावर हक्क सांगू लागली की दोघांनी लांबून हाक द्यायची, ज्याच्याकडे ते वळेल तो मालक. मी ते गृहस्थाला कसंबसं समजावलं. त्याला ते अतिशय रास्त वाटलं. तो गाडीत बसला, गंभीर चेहऱ्यानं किल्ली फिरवली. गाडी घरघरली.

"हुंबारली बग," हॉटेलवाला म्हणाला.

"व्हय, त्येचीच हाय," शेतकरी म्हणाला आणि त्यानं अंगठा उठवला.

सुटकेची चिठ्ठी दोन भागांत असे, एक मालकाला द्यायची, एक पुस्तकात राहायची. गृहस्थानं विचारलं, दोन्ही मिळतील का? एक फाइलला, एक गाडीत. मी ऐटीत दोन्ही फाडून दिल्या. बाईंनी फोटो काढला. फाटकात सलाम ठोकून उभे मेजर, मागे गाडी, बाजूला उघडं रजिस्टर धरून मी. मग त्यांना कोल्हापूरचा रस्ता दाखवायला अख्ख्या गावाबरोबर मीही फाट्यापर्यंत गेलो. रजिस्टरातला सुटकेचा रकाना परत आल्यावर भरू, असं ठरवून गेलो होतो. तो राहिला.

काही महिन्यांनी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. सरपंच होते, हॉटेलवाला, शेतकरी, गावातली पंधरावीस माणसं होती. साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही पांढरी गाय आत आली. बाहेर कधी गेली? लिलाव झाला? मालक आला?"

मेजर पुढे झाले. "साहेब, ती गाय न्हवती. मोटार व्हती."

साहेबांनी चष्मा काढला. "मोटार."

"व्हय साहेब."

"भाकड मोटार?"

"व्हय साहेब."

"शिंगं नसलेली."

"मोटारीला कुटली शिंगं, साहेब."

सगळे हसायला लागले. साहेब माझ्याकडे वळले. "अक्षर तुमचं आहे. काय होतं हे?"

आता खरं सांगायची वेळ होती आणि खरं अगदी सोपं होतं. पण परदेशी माणसं मुक्कामाला राहिली तर पोलिसांना कळवावं लागतं. ते मी कळवलं नव्हतं. सरपंचांनी साताऱ्याहून आल्या आल्या मला दम दिला होता, की ह्याची वाच्यता नको, चौकशी लागेल. आता ते साहेबांच्या मागे उभे राहून नको म्हणून मान हलवत होते. आणि यादीत माझं नाव नुकतंच लागलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मेजरनं सांगितलं तसं मी लिहिलं."

मागून कुणीतरी बोललं, "खाल्ली आसंल."

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण नोकरीसाठी खोटं बोललो असं मी मनाला पुष्कळ वर्षं समजावलं, पण हसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेजरनी बोलणाऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग कोंडवाड्याची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. सही-अंगठा करणारे दोन्ही पंच तिथंच होते, जमिनीकडे बघत होते. त्यांचा दोष मी काढत नाही. या कागदावर माझाच कसाबसा मावतो आहे.

गायीचा मालक काही आला नाही, कुठून येणार? त्यामुळे खटला झाला नाही. झाली ती नुसती गावाची खात्री. वर्षाच्या आत मेजर बायकोपोरांना घेऊन सांगलीला गेले, तिथं हळदीच्या वखारीवर राखणदार झाले.

ते जायच्या आधी, तपासणीनंतर महिन्याभरानं, हॉलंडहून पाकीट आलं होतं. वर पत्ता होता: 'मुक्काम अधिकारी', खाली गावाचं नाव. आत फोटो होता आणि टाइप केलेलं पत्र. आमच्या जागेची त्यानं तिकडच्या गाडीवाल्या मंडळींकडे शिफारस केली होती. पुढं लिहिलं होतं, 'तुमच्या पुस्तकात राहायचा भाग मी चुकून आणला असे आता लक्षात आले. कचेरीचे कागद पुरे असले पाहिजेत. सोबत परत पाठवत आहे.' आणि खरंच, ती चिठ्ठी आत होती. कोंडवाड्याचा शिक्का, सही, अंगठा, गाडीचा नंबरसुद्धा.

ती पुस्तकात चिकटवायला मला फक्त खळ लागणार होती. पण त्याच आठवड्यात माझा नेमणुकीचा हुकूम आला, ग्रामसेवक म्हणून, आटपाडी तालुक्यात. मी पाकीट ट्रंकेत टाकलं आणि ट्रंक घेऊन गेलो. पुढे वरच्या हुद्द्यावर गेल्यावर मी स्वतः कोंडवाडे तपासत असे आणि मोकळा रकाना दिसला की शेरा मारत असे.

गेल्या थंडीत मी सांगलीला गेलो. मेजर केव्हाच वारले होते. त्यांची मुलगी भेटली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मी कोण ते सांगितलं. तिनं बसायला सांगितलं. मी पाकीट पुढं केलं. तिनं फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला.

"आबांची जर्सी," ती म्हणाली. मग गाडीवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे गाडी होती."

"हो."

"आबा मरेपर्यंत सांगत होते, गाडी व्हती, गाडी व्हती. आई म्हणायची, बरं, गाडी व्हती, जेवा आता." तिनं फोटो उलटा करून बघितला. "आम्ही पण व्हय व्हय म्हणायचो. खरं कुणालाच वाटायचं नाही. गाडीला भाकड कोण लिहितंय?"

"मी लिहिलं."

ती हसली. ते हसणं मला सोसलं नाही. "गाव सोडायच्या आधी शाळेत पोरं मला हंबरून दाखवायची," ती म्हणाली. "हा कागद कुठं ठेवला होता इतकी वर्षं?"

"ट्रंकेत."

"कशाखाली?"

"नेमणुकीच्या हुकुमाखाली."

मी माफी मागायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं. "मला सांगून काय करू मी? ती गाय माझ्याकडं नाही. जिथं आहे तिथं जाऊन सांगा."

म्हणून गावी गेलो. कोंडवाड्याच्या जागी आता व्यायामशाळा आहे. रजिस्टर कधीच रद्दीत गेलेलं. पंचायतीतला संगणकावरचा तरुण भला होता. "आजोबा, अर्जाचा विषय काय टाकू?"

"गाय नसल्याबाबत."

"कुठल्या योजनेत?"

शेवटी अर्ज कागदावर लिहून ग्रामसभेत उभं राहून मीच वाचला. सगळं वाचलं, हसल्याचंसुद्धा. फोटो, पत्र आणि चिठ्ठी हातोहात फिरली. मला वाटलं, झालं.

मग पुढच्या रांगेतला माझ्याच वयाचा एक म्हातारा फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "आरं व्हय की! गाडी आल्याली मला चांगली ध्यानात हाय. भितीवर बसून बगितली म्या."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? गाडी येगळी. गाय येगळी."

सभेत सगळीकडे माना डोलल्या. मी ओरडून सांगितलं की गाय नव्हतीच, गाडीच होती, भाकड मी लिहिलं, पांढरी म्हणून गाय लिहिली. जसजसा सांगत गेलो तसतशी माणसं हसायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारं चळलं." एका पोरानं मला पाणी आणून दिलं.

रात्री सांगलीहून फोन आला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, गाडी वेगळी, गाय वेगळी."

"आबांना पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "पुढची ग्रामसभा कवा हाय?"

मी तारीख सांगितली.

"मग परत जावा," ती म्हणाली, आणि मी कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केला.